अर्जात १५ जून, छापील प्रतीवर १४ जून: संगणकातल्या वेळेबद्दलचे गैरसमज

मानोऱ्यातला एखादा विद्यार्थी ऑनलाइन अर्जात १५ जून २००६ ही जन्मतारीख भरतो आणि छापील प्रतीवर १४ जून उमटते. ‘तूच चुकीचं भरलं असशील,’ असं त्याला ऐकावं लागतं. पुढे दाखला आणि गुणपत्रिका जुळत नाहीत आणि दुरुस्तीसाठी पालकांची रोजी बुडते. अशी नेमकी एका दिवसाची चूक दिसली, तर आधी शंका प्रणालीवर घ्यायला हवी. तिच्या मुळाशी पुढचे गैरसमज असतात.

गैरसमज : भारतात एकच प्रमाणवेळ आहे, म्हणून आपल्याला टाइमझोनची अडचण नाही.

वस्तुस्थिती : सर्व्हर बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर चालतात आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे आहोत. जन्मतारखेला वेळ नसते, पण अनेक प्रोग्राम तिला मध्यरात्रीचे १२ चिकटवतात. आपली १५ जूनची मध्यरात्र म्हणजे यूटीसीप्रमाणे १४ जूनची संध्याकाळ, ६:३०. पुढच्या टप्प्यावर वेळ छाटून फक्त तारीख ठेवली, की एक दिवस गेला. जावास्क्रिप्टमध्ये ही चूक सहज होते, कारण तिथली तारीख सहसा एका क्षणाच्या रूपातच साठते. उपाय साधा आहे: जन्मतारीख केवळ तारीख म्हणून साठवावी. डेटाबेसमध्ये त्यासाठी ‘डेट’ हा प्रकार असतो आणि जावामध्ये २०१४ पासून ‘लोकलडेट’ आहे.

अर्जाच्या मुदतीचंही तसंच. ३१ जुलैची मुदत यूटीसीने मोजली, तर अर्ज आपल्याकडे १ ऑगस्टच्या पहाटे साडेपाचपर्यंत सुरू राहतो.

गैरसमज : वेळेपुढे ‘आयएसटी’ लिहिलं की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : हीच अक्षरं इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात. संगणकाने त्यातून कोणता देश घ्यावा? त्यामुळे वेळ पाठवताना यूटीसीपासूनचा फरक आकड्यात, म्हणजे +०५:३० असा लिहावा. आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकात तीच पद्धत आहे. तारीखही वर्ष-महिना-दिवस या क्रमाने पाठवावी. ०३/०४/२०२४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, तर अमेरिकेत ४ मार्च.

गैरसमज : भारताची वेळ पहिल्यापासून +५:३० च आहे.

वस्तुस्थिती : ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची आहे. ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असल्यामुळे मानोऱ्याचा खरा मध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी वीस मिनिटांनी होतो. १९०६ च्या आधी गावोगावची वेळ वेगळी होती. मुंबईने तर प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असलेली आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. दुसऱ्या महायुद्धात, १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, भारतातली घड्याळं आणखी एक तास पुढे, म्हणजे +६:३० वर होती. १९४३ साली जन्मलेल्या आजोबांची पत्रिका संगणकावर करताना हा तास वजा केला नाही, तर गणिताला धरलेली वेळच चुकते.

देशाच्या प्रमाणवेळेतले हे बदल ‘टीझेड डेटाबेस’ या जागतिक नोंदवहीत आहेत. तिथे भारताचं नाव ‘एशिया/कोलकाता’ असं आहे. मोबाइलवर मुंबईऐवजी कोलकाता दिसलं म्हणून सेटिंग चुकलेलं नसतं. आता देशभर घड्याळ एकच असल्यामुळे एक नाव पुरतं.

गैरसमज : सगळं यूटीसीत साठवलं की कधीच चूक होत नाही.

वस्तुस्थिती : घडून गेलेल्या गोष्टींसाठी, म्हणजे पैसे भरल्याची किंवा अर्ज पोहोचल्याची नोंद ठेवायला, यूटीसीच उत्तम. पुढच्या भेटींचं तसं नाही. न्यू जर्सीत असलेल्या मुलीची दर सोमवारी सकाळी साडेनऊची बैठक उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी सातला येते आणि हिवाळ्यात आठला, कारण तिथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळं सरकतात. शिवाय सरकारं नियमही बदलतात: मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांतली उन्हाळी वेळ रद्द केली. आज काढून ठेवलेली यूटीसी वेळ अशा निर्णयानंतर चुकते. म्हणून पुढच्या भेटीसाठी तिथली स्थानिक वेळ आणि ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ असं विभागाचं नाव, दोन्ही साठवावीत.

गैरसमज : फरक तासांचा असतो, वजाबाकी आपणच लिहिली तरी चालेल.

वस्तुस्थिती : आपला फरक साडेपाच तासांचा, तर नेपाळचा पावणेसहा. फरक पूर्ण तासांत धरणारा प्रोग्राम दोन्हीकडे फसतो. तयार, नियमित अद्ययावत होणारी लायब्ररीच वापरावी.

तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी आधी ठरवावं: हातात आहे ती नुसती तारीख, घडून गेलेला क्षण, की पुढची भेट? तिन्हींची साठवण वेगळी. मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळांच्या नोंदी घालून चाचणी घ्यावी, कारण त्या तासांत आपली आणि यूटीसीची तारीख वेगळी असते. अर्ज भरणाऱ्यांनी ‘सबमिट’ करण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा जन्मतारीख वाचावी आणि पोचपावती जपून ठेवावी. तारीख एका दिवसाने मागे गेली असेल, तर तक्रारीत ‘प्रणालीतली टाइमझोनची चूक तपासावी’ असं स्पष्ट लिहावं.