केडीई : निगा राखणाऱ्यांचा डेस्कटॉप

जर्मनीतल्या ट्युबिंगेन विद्यापीठात शिकणाऱ्या मथियास एट्रिशने १४ ऑक्टोबर १९९६ रोजी यूझनेटवर एक आवाहन केलं. लिनक्ससाठी एकसंध, नेटका डेस्कटॉप बनवायचा आहे, प्रोग्रॅमर हवेत. तेव्हा लिनक्सवर प्रोग्रॅम पुष्कळ होते, पण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मेनू वेगळे, स्क्रोलबार वेगळे, एका खिडकीतून दुसरीत काही ओढून न्यावं तर ते जाईलच असं नाही. एट्रिशच्या डोळ्यांसमोर सर्व्हर सांभाळणारा तज्ज्ञ नव्हता; पत्र लिहिणारा, इंटरनेट बघणारा साधा माणूस होता. माणसं जमली, आणि १२ जुलै १९९८ रोजी केडीईची पहिली आवृत्ती बाहेर पडली.

आज केडीई हा जगभर पसरलेला समुदाय आहे. प्लाझ्मा हा त्याचा डेस्कटॉप. चित्रकारांसाठी क्रिटा, व्हिडिओ संपादनासाठी केडेनलाइव्ह, कागदपत्रं वाचायला ऑक्युलर ही त्याचीच भावंडं. व्हॉल्व्ह कंपनीच्या स्टीम डेकवर गेम बाजूला ठेवून डेस्कटॉप उघडला, की समोर येतो तो प्लाझ्माच. यातलं काहीही कुणा एका कंपनीच्या मालकीचं नाही. तरीही हे सगळं इतकी वर्षं टिकलं. त्याचं श्रेय मी एखाद्या चमकदार कल्पनेला देणार नाही; ते निगा राखण्याच्या सवयीला आहे.

पहिली निगा कराराची. केडीई ज्या क्यूटी नावाच्या टूलकिटवर उभं राहिलं, ती नॉर्वेच्या ट्रोलटेक कंपनीची होती आणि तिचं लायसन्स पुरतं मुक्त नव्हतं. यावरून मोठा वाद झाला. त्यातूनच १९९७ मध्ये ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप सुरू झाला. केडीईच्या लोकांनी १९९८ मध्ये ट्रोलटेकबरोबर एक फाउंडेशन स्थापन केलं. उद्या कंपनीने मुक्त आवृत्ती काढणं थांबवलं, तर क्यूटी मुक्त लायसन्सखाली जाहीर करण्याचा हक्क या फाउंडेशनला मिळाला. २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आली. पुढे ट्रोलटेक नोकियाने विकत घेतली, मग क्यूटी डिजियाकडे गेली. मालक बदलत गेले, करार टिकला.

रोजचं काम मात्र बारीकसारीक असतं. समजा, कुणी बग नोंदवला : दुसरा मॉनिटर जोडला की पॅनेल गायब होतं. आधी तो दुसऱ्या मशीनवर घडतो का, ते पाहावं लागतं. घडवून दाखवता न येणारा बग सुटणं कठीण. मग कुणीतरी सी++ मधल्या दोन ओळी बदलून मर्ज रिक्वेस्ट, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती, पाठवतं. मेंटेनर, म्हणजे त्या भागाची निगा राखणारा, त्या ओळी वाचतो आणि विचारतो : मॉनिटर झोपेतून जागा झाला तर काय होईल? अरबीसारख्या उजवीकडून सुरू होणाऱ्या भाषेत पॅनेल कुठे दिसेल? चाचणी लिहिली का? दोन ओळींवर आठवडाभर चर्चा चालू शकते. नवख्याला हे प्रश्न बोचतात. पण टिकून राहिलेला नवखाच पुढे दुसऱ्याचा कोड वाचायला बसतो आणि हेच प्रश्न विचारतो. हे काम करणाऱ्यांतले काही जण पगारी आहेत. बाकीचे नोकरी किंवा कॉलेज सांभाळून वेळ देतात. जर्मनीत नोंदवलेली केडीई ई.व्ही. ही संस्था पैसा, ट्रेडमार्क आणि संमेलनं बघते. कोणता कोड घ्यायचा, हे काम करणारेच ठरवतात.

या कामाला ठरलेली लय आहे. नवी आवृत्ती येण्याआधी फीचर फ्रीझ लागतो, म्हणजे नवं काही घालायचं नाही, फक्त दुरुस्त्या. पडद्यावर दिसणारे शब्दही गोठवले जातात, अनुवादकांना केलेलं काम पुन्हा करावं लागू नये म्हणून. प्लाझ्माची आवृत्ती बाहेर पडल्यावर दुरुस्त्यांचे हप्ते १, १, २, ३, ५ अशा आठवड्यांच्या अंतराने काढायचे, अशी रीत पडली. फिबोनाचीची ही संख्यामाला उगाच निवडलेली नाही. सुरुवातीला तक्रारींचा ओघ मोठा, तेव्हा दुरुस्ती लगेच हवी. ओघ आटला की अंतर वाढवलं तरी चालतं.

हे शहाणपण ठेच लागून आलं आहे. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं तेव्हा पायापासून सगळं नव्याने लिहिलं होतं. बनवणाऱ्यांच्या लेखी ती पुढच्या कामाची पायाभरणी होती. पण काही लिनक्स वितरणांनी ती थेट रोजच्या वापरासाठी दिली, आणि नेहमीच्या सोयी नाहीत, प्रोग्रॅम कोसळतात, म्हणून लोक चिडले. लिनक्सचे जनक खुद्द लिनस टोरवाल्ड्स ग्नोमकडे वळले. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी आलेल्या प्लाझ्मा ६ ची गोष्ट उलट आहे. आतून ते क्यूटी ६ वर नेलं, पडदा रंगवण्याचं काम १९८४ पासूनच्या एक्स विंडो प्रणालीऐवजी डीफॉल्ट म्हणून वेलँड या नव्या प्रणालीकडे सोपवलं. तरी वापरणाऱ्याला आपला डेस्कटॉप ओळखीचाच वाटला. एक्समध्ये कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरं चोरून वाचू शकत असे. वेलँडने ते दार बंद केलं, आणि म्हणून स्क्रीनशॉट, स्क्रीन शेअरिंग अशा साध्या सोयीही परवानगी विचारून चालतील अशा नव्याने बांधाव्या लागल्या. केविन या विंडो मॅनेजरवर त्यासाठी कित्येक वर्षं काम चाललं होतं.

२०१३ च्या मार्चमध्ये तर सगळंच हातचं जायची वेळ आली होती. कोड ठेवलेल्या मुख्य सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली आणि जगभरच्या आरशांनी, म्हणजे त्याच्या प्रती ठेवणाऱ्या मिरर सर्व्हरांनी, तो बिघाड इमानाने उतरवून घेतला. कोडच्या सुमारे १,५०० रिपॉझिटरी धोक्यात होत्या. एका सर्व्हरवर शाबूत प्रत सापडली, म्हणून निभावलं. प्रतींची संख्या म्हणजे बॅकअप नव्हे, हा धडा समुदायाने उघडपणे मांडला, व्यवस्था बदलली.

अशा जपलेल्या कोडचं फळ दूरवर पोचतं. केडीईच्या ब्राउझरसाठी लिहिलेलं केएचटीएमएल हे इंजिन अ‍ॅपलने उचललं. २००३ मध्ये जाहीर झालेला सफारी त्यावर उभा राहिला. त्यातून वेबकिट आलं, आणि वेबकिटमधून गूगल क्रोमचं ब्लिंक. आपल्या फोनवरच्या ब्राउझरची वंशावळ बहुधा इथेच पोचते.

भारतातलं केडीई संमेलन २०११ मध्ये बंगळुरूला सुरू झालं. २०२४ च्या फेब्रुवारीत ते पुण्याच्या सीओईपी विद्यापीठात भरलं. विद्यार्थ्यांसाठी इथे खरोखर वाट आहे. फोन आणि संगणक जोडणारं केडीई कनेक्ट २०१३ मध्ये गूगल समर ऑफ कोडच्या एका विद्यार्थी-प्रकल्पातून आकाराला आलं. मराठीलाही हातांची गरज आहे, कारण प्रत्येक आवृत्तीत नवे शब्द येतात आणि अनुवाद कधीच संपत नाही.

म्हणून पुण्या-नागपूरच्या कॉलेजांतल्या मुलामुलींना एकच सांगावंसं वाटतं. पहिला पॅच, म्हणजे पहिली दुरुस्ती, पाठवणं म्हणजे प्रवेश झाला, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण या समुदायाला सर्वांत मोठी गरज आहे ती तिसऱ्या वर्षीही थांबणाऱ्यांची : दुसऱ्याच्या दोन ओळी मन लावून वाचणाऱ्यांची, जुने बग पुन्हा तपासणाऱ्यांची, आपल्या भाषेतले शब्द अद्ययावत ठेवणाऱ्यांची. मराठी माणसांनी मेंटेनर व्हावं. आपल्या भाषेत, आपल्या गरजेप्रमाणे संगणक कसा चालावा हे ठरवण्याचा हक्क त्याच कामातून मिळतो.