'सैराट'च्या शेवटी आवाज का थांबतो?

नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'च्या (२०१६) शेवटी कुणी भाषण देत नाही. जातीबाहेर लग्न केलेल्या आर्ची आणि परशाची हत्या घडताना दिसत नाही, आवाजही थांबतो. उरतात त्यांच्या लहानग्याची रक्ताळलेली पावलं. जातीच्या क्रौर्याचा अर्थ प्रेक्षकाला स्वतःच जुळवावा लागतो, म्हणून तो खोल रुततो. मंजुळे यांच्याच 'फँड्री'तही जातीवरून हेटाळणी सोसणाऱ्या जब्याचा दगड थेट कॅमेऱ्याकडे येतो आणि बघ्यांच्या गर्दीत आपणही होतो का, हा प्रश्न आपल्यालाच पडतो.

लोक 'सैराट'मधल्या 'झिंगाट' गाण्यावर नाचले आणि संदेश विसरले, असा आक्षेप घेतला जातो. पण त्याच आनंदामुळे आर्ची-परशा आपले वाटतात, आणि चटका लागतो तो आपली माणसं गेल्यावरच. एका सिनेमानं जात संपत नाही, हे खरंच. पण आकडा वाटणाऱ्या बातमीला तो चेहरा देतो.

तुम्हाला कोणत्या सिनेमाचा शेवट अस्वस्थ करून गेला?