मालवाहू जीपच्या पुढील ब्रेकची निगा

शेतमाल बाजारात नेणारी मालवाहू जीप आता पुष्कळ शेतकऱ्यांच्या दारी दिसते. भरलेली गाडी उतारावर थांबविताना बहुतेक ताण पुढील ब्रेकवर पडतो. म्हणून त्यांचे पॅड आधी झिजतात. पॅडवरील घर्षणथर ३ मिलिमीटरवर आला, की पॅड बदलावेत. डिस्कची किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. तीहून पातळ किंवा तडा गेलेली डिस्क वापरू नये. पॅड व डिस्क नेहमी दोन्ही चाकांच्या एकदमच बदलाव्यात.

हे काम घरी करावयाचे झाल्यास गाडी कठीण, सपाट जागी उभी करावी. काळ्या मातीत जॅक खचतो. मागील चाकांस ठोकळे लावावेत, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत आणि उचललेल्या गाडीखाली भक्कम घोडा द्यावा. केवळ जॅकवर विसंबू नये.

कॅलिपर सोडल्यावर तो तारेने टांगावा; रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये. ब्रेकची धूळ फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. डिस्क बसते ती जागा गंज काढून स्वच्छ करावी, अन्यथा नवी डिस्कही डगमगते. नव्या डिस्कवरील गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसावे. पॅडला ग्रीसचा बोटही लागता कामा नये. पिस्टन हळूहळू मागे दाबताना टाकीतील ब्रेक ऑईल वर चढते, तिकडे लक्ष असावे. सर्व बोल्ट गाडीच्या पुस्तिकेतील मापानेच आवळावेत.

यानंतरची एक गोष्ट विसरल्यास सारे श्रम घातक ठरतात. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिल्या दाबास पेडल थेट तळाशी जाते व गाडी थांबत नाही. अशी गाडी अंगणातून हलविली, तर पुढे उभे मूल वा जनावर वाचत नाही. म्हणून इंजिन चालू करण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत वारंवार दाबावे, ऑईलची पातळी पाहावी, मगच मोकळ्या रस्त्यावर रिकाम्या गाडीने कमी वेगात चाचणी घ्यावी.

पेडल मऊ लागल्यास किंवा ऑईल गळत असल्यास गाडी रस्त्यावर न नेता जाणत्या मिस्त्रीस घरी बोलवावे. ग्रामसेवकांनी अशा मिस्त्रीकडून गावात एकदा प्रात्यक्षिक करवून घेतल्यास ते सर्वांच्याच हिताचे होईल.