आवणीपूर्वीची तयारी : इगतपुरी भागातील मुलांचे उच्च शिक्षण



इगतपुरी तालुका हा भाताचा तालुका होय. राब वेळेवर भाजला नाही, रोप वेळेवर टाकले नाही, तर आवणी लांबते व पीक हातचे जाते, हे येथील प्रत्येक घरास ठाऊक आहे. मुलांच्या उच्च शिक्षणाचेही तसेच आहे. महाविद्यालयीन प्रवेशांचा मुख्य हंगाम जून ते ऑगस्ट, म्हणजे ऐन आवणीचा. त्या धांदलीत एक दाखला कमी पडला तरी मुलाचे वर्ष वाया जाते. सबब ही तयारी उन्हाळ्यातच पुरी करणे इष्ट आहे.

जवळच्या सोयी

कला, वाणिज्य व विज्ञान या शाखांसाठी मराठा विद्या प्रसारक समाजाचे महाविद्यालय इगतपुरीतच आहे. सुमारे ४५ किलोमीटरवरील नाशिक शहरात १९२४ साली स्थापन झालेल्या हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालयासारख्या जुन्या संस्था आहेत. अभियांत्रिकीसाठी १९८४ साली सुरू झालेले क. का. वाघ महाविद्यालय व इतर अनेक महाविद्यालये आहेत. दहावीनंतर लवकर हाताला काम हवे असल्यास औद्योगिक प्रशिक्षण संस्था किंवा शासकीय तंत्रनिकेतन हा मार्ग आहे. तंत्रनिकेतनाची पदविका मिळविणाऱ्यास पुढे अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे.

शेती सांभाळून शिकू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिक येथे १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याचे अनेक अभ्यासक्रम घरी राहून, अभ्यासकेंद्राच्या मदतीने पुरे करता येतात.

विद्यापीठ कोठे, प्रवेश कोठे?

येथे पुष्कळ पालकांचा गोंधळ होतो. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकात आहे. परंतु त्यास संलग्न असलेली महाविद्यालये राज्यभर विखुरलेली आहेत. वैद्यकीय पदवीचा प्रवेश 'नीट' परीक्षेच्या गुणांवर मिळतो. तो नाशिक येथेच मिळेल असे धरून चालू नये.

कृषी शिक्षणासाठी आपला जिल्हा १९६८ साली स्थापन झालेल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. तथापि कृषी पदवीसाठी राहुरीसच जावे लागते असे नाही. नाशिक येथेही त्यास संलग्न कृषी महाविद्यालये आहेत. ही पदवी चार वर्षांची असून तिच्यासाठी बारावी विज्ञान व राज्याची प्रवेश परीक्षा आवश्यक असते.

विषयांची निवड

खरा निर्णय दहावीनंतरच होतो. अकरावीत जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलास पुढे वैद्यकीय शिक्षणाकडे वळणे कठीण जाते; गणित सोडणाऱ्यास अभियांत्रिकीकडे जाताना तशीच अडचण येते. म्हणून मुलाचा कल व शिक्षकांचे मत विचारात घेऊन विषय निवडावेत. शेजाऱ्याच्या मुलाने घेतले म्हणून तेच विषय घेणे हिताचे नाही.

दाखले व सवलती

१. उत्पन्नाचा व अधिवासाचा दाखला तहसील कार्यालयातून वेळेवर काढून ठेवावा.

२. आरक्षणाचा लाभ घेणाऱ्यांनी जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावीतच करावा. यास अनेकदा महिनोन् महिने लागतात. वडील किंवा चुलते यांचे वैधता प्रमाणपत्र व जुन्या शालेय नोंदी जपून ठेवाव्यात.

३. शिष्यवृत्तीचा अर्ज 'महाडीबीटी' या शासकीय संकेतस्थळावर भरावा लागतो. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे.

४. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना २०२४-२५ पासून शासनमान्य व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खर्चाच्या भयाने मुलीचे शिक्षण बारावीस थांबविण्यापूर्वी ही सवलत अवश्य पाहावी.

कार्यकर्त्यांस सूचना

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चैत्र-वैशाखातील सभांत दहावी व बारावीच्या मुलामुलींची यादी करावी आणि प्रत्येकाजवळ कोणता दाखला नाही हे तिच्यात लिहावे. ज्या घरातून यापूर्वी कोणीच महाविद्यालयात गेलेले नाही, त्या घरी प्रथम जावे. बियाणे व खते वेळेवर पोहोचविण्याइतकेच हे काम महत्त्वाचे आहे. आवणीची घाई सुरू होण्यापूर्वी ही यादी पुरी झाली, तर गावातील एकाही मुलाचे वर्ष कागदापायी वाया जाणार नाही.