तिसऱ्या वर्षाचा दशमांश

तंजावरच्या शिवगंगा किल्ल्यातल्या चर्चमध्ये पांढऱ्या संगमरवराचं एक शिल्प आहे. एक वृद्ध पाळक अंथरुणावर शेवटच्या घटका मोजतो आहे आणि एका तरुण राजाने त्याचा हात हातात धरला आहे. पाळक म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ, जर्मनीतून आलेला लूथरन मिशनरी. राजा म्हणजे दुसरे सरफोजी भोसले. श्वार्ट्झ १३ फेब्रुवारी १७९८ ला वारला. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले आणि पुढे लंडनचा नामवंत शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याच्याकडून त्यांनी हे स्मारक घडवून घेतलं. बृहदीश्वराच्या देवळात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेणारे हेच सरफोजी. आपला कुळधर्म त्यांनी अखेरपर्यंत पाळला, बाप्तिस्मा कधी घेतला नाही. ख्रिस्ती मंडळीचं ते काहीही देणं लागत नव्हते.

त्या शिल्पापुढे उभी असताना मला लहानपणचा एक रविवार आठवला. आम्ही नगर जिल्ह्यातल्या एका गावात राहत होतो. उपदेश संपल्यावर पाळकांनी वही उघडली आणि ज्यांचा दशमांश थकला होता त्यांची नावं वाचून दाखवली. तिसरं नाव माझ्या आजीचं. ती विधवा होती, दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. जे देत नाहीत ते देवाला लुबाडतात, असं पाळक म्हणाले. घरी पोचेपर्यंत आजी एक शब्द बोलली नाही. आज इतक्या वर्षांनी मी दशमांशाबद्दल लिहायला बसले, ते त्या न बोललेल्या वाटेमुळे.

दहावा हिस्सा मराठी माणसाला नवा नाही. चौथाईच्या जोडीला सरदेशमुखी म्हणून महसुलाचा दहावा भाग मराठे घेत, आणि १७१९ च्या मोगल सनदांनी तो त्यांचा हक्क म्हणून मान्यही झाला. ती उघड वसुली होती, तिला कुणी दान म्हटलं नाही. चर्चमधल्या दशमांशाचं दुखणं इथेच आहे. मागताना त्याला अर्पण म्हणायचं आणि घेताना थकबाकी मोजायची. यात गरिबाला ‘यंदा जमत नाही’ असं म्हणायलाही तोंड उरत नाही.

बायबलात दशमांश आहे, हे खरंच. पण तो कुणाकडून, कशाचा आणि कुणासाठी, हे उपदेशात क्वचित सांगतात. लेवीय आणि गणनेच्या पुस्तकांतला दशमांश शेतातल्या पिकाचा, झाडाच्या फळांचा आणि गुराढोरांचा आहे. तो लेव्यांना मिळे, कारण इस्राएलाच्या बारा वंशांना जमिनी वाटल्या गेल्या तेव्हा लेवी वंशाच्या वाट्याला शेती आली नाही. त्यांनी मंदिराची सेवा करायची होती. म्हणजे जमीनवाल्याने भूमिहीनाला द्यायचा तो हिस्सा. अनुवाद या बायबलमधल्या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात तर याहून वेगळंच चित्र दिसतं. दहावा भाग घेऊन कुटुंबाने देवाच्या ठिकाणी जावं, तिथे बसून तो खावा आणि आनंद करावा. ठिकाण लांब असेल तर धान्य विकून चांदी न्यावी आणि तिथे गुरं, मेंढरं, द्राक्षारस, जे मनाला येईल ते विकत घ्यावं. दर तिसऱ्या वर्षी मात्र सगळा दशमांश आपल्याच गावाच्या वेशीत साठवायचा. त्यावर लेव्याचा हक्क, आणि त्याच्याबरोबर परक्याचा, अनाथाचा आणि विधवेचा.

विधवेचा! माझी आजी त्या यादीत घेणाऱ्यांच्या बाजूला होती. तिला थकबाकीदारांत कुणी बसवलं?

ज्या मलाखी संदेष्ट्याच्या वचनावर दशमांशाचे सगळे उपदेश उभे असतात, त्याचीही हीच गत. आणा आणि आकाशाची कवाडं उघडतात की नाही बघा, हा त्याचा तिसरा अध्याय सगळ्यांना पाठ असतो. पण त्याच अध्यायात, थोड्या ओळी आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा-अनाथांना छळणाऱ्यांवर देवाचा कोप सांगितला आहे. मार्काच्या शुभवर्तमानातही विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट सुरू होण्याच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडतो. दोन्हीकडे आधीचा भाग गाळून पुढचा वाचायची सवय मंडळीला लागली आहे. पौलाने करिंथकरांना लिहिताना टक्का सांगितलाच नाही. ज्याने त्याने मनात ठरवावं तसं द्यावं, कुरकुरत किंवा भिडेखातर देऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं. तो स्वतः तंबू शिवून पोट भरत होता.

मग सक्ती आली कुठून? सहाव्या शतकात, ५८५ साली, फ्रान्समधल्या माकोन इथल्या धर्मसभेने दशमांश न देणाऱ्याला बहिष्काराची धमकी दिली. आठव्या शतकात शार्लमेनने त्याला राजाज्ञेचं बळ दिलं आणि पुढची हजार वर्षं युरोपातल्या शेतकऱ्याच्या खळ्यावरून दहावी पेंढी जात राहिली. फ्रान्समध्ये १७८९ च्या क्रांतीने ती थांबवली. आयर्लंडमध्ये कॅथलिक कुळांना परक्या अँग्लिकन चर्चसाठी दशमांश भरावा लागे. त्यावरून १८३० नंतरच्या दशकात रक्त सांडलं. इंग्लंडने १८३६ मध्ये त्याचं रोख रकमेत रूपांतर केलं. अमेरिकेत सरकार चर्चला पैसे देईना, तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे मिळकतीच्या दहा टक्क्यांची शिकवण नव्याने जोर धरू लागली. आज आपल्याकडे मोठ्या आवाजात जी ऐकू येते, ती बरीचशी हीच. कॅथलिक चर्चच्या आजच्या कायद्यात चर्चला आधार देण्याचं कर्तव्य सांगितलेलं आहे, टक्केवारी मात्र नाही.

आता तंजावरकडे येऊ. श्वार्ट्झ १७५० मध्ये तरंगंबाडीला पोचला. त्या डॅनिश ठाण्यात १७०६ पासून जर्मनीतल्या हाले शहरातले मिशनरी काम करत होते. हालेहून मिशनची वृत्तं छापून निघत, ती वाचून जर्मनीतले देणगीदार पैसे पाठवत. इंग्लंडमधली एसपीसीके ही संस्था पुस्तकं आणि पैसा पुरवी. तंजावरच्या मंडळीचा पाया असा परक्या, न पाहिलेल्या माणसांच्या देणग्यांवर उभा राहिला.

श्वार्ट्झ स्वतः पैशाशी कसा वागला, हे मला जास्त बोलकं वाटतं. १७७९ मध्ये मद्रास सरकारने त्याला हैदर अलीकडे श्रीरंगपट्टणला बोलणी करायला पाठवलं. निघताना हैदरने वाटखर्चाला तीनशे रुपयांची थैली दिली. श्वार्ट्झने ती मद्रासला परत येऊन सरकारपुढे ठेवली. सरकारने घेतली नाही, तेव्हा त्याने ती तंजावरच्या इंग्रजी धर्मादाय शाळेसाठी मागून घेतली. पुढे हैदरच्या स्वारीत दुष्काळ पडला. तंजावरच्या किल्ल्यात धान्य संपलं, आणि तेव्हाच्या राजाच्या व इंग्रजांच्या शब्दावर रयतेचा विश्वास उरला नव्हता. श्वार्ट्झने पैसे मिळतील अशी हमी दिली तेव्हाच शेतकऱ्यांनी धान्य आत आणलं, आणि त्याने ते पैसे चुकवलेही. त्याने लग्न केलं नाही. साठलेलं सगळं मिशनला ठेवून तो गेला. मजुराची मजुरी बुडवू नये, हे मलाखीचं वाक्य त्याने असं पाळलं, असं मी समजते.

आणि सरफोजी? १७९९ च्या तहाने राज्य ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलं. त्यांच्या हाती किल्ला, वर्षाला एक लाख पगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढंच राहिलं. त्यातून ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्र चाललं. तंजावरच्या मराठ्यांची छत्रं म्हणजे वाटसरूंना अन्न, आजाऱ्याला औषध, पोरक्या मुलांना आसरा. १८०१ मध्ये ती कंपनीकडे जाऊ नयेत म्हणून राजांनी रेसिडेंटला कळकळीने लिहिलं, आणि तिथे कुठल्याही जातीचा माणूस उपाशी परत जात नाही हे आवर्जून सांगितलं. श्वार्ट्झच्या आठवणीसाठी कण्णंदंगुडी गावात त्यांनी पन्नास गरीब ख्रिस्ती मुलांना सांभाळायची आणि शिकवायची सोय लावून दिली. अनाथाचा आणि परक्याचा वाटा म्हणून अनुवादात जे लिहिलंय, ते इथे बायबल न मानणाऱ्या मराठी राजाने केलं.

या मंडळीचं सगळंच चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. श्वार्ट्झचा शिष्य आणि तमिळ भक्तिगीतांचा थोर कवी वेदनायगम शास्त्री (१७७४–१८६४) याचे नंतरच्या मिशनऱ्यांशी खटके उडाले, त्याला सरफोजींच्या दरबाराचा आश्रय होता. शास्त्री परक्यांच्या हुकमापुढे वाकला नाही. पण ज्या गोष्टीसाठी तो भांडला, त्यात चर्चमध्ये जातवार वेगळं बसण्याची रीतही होती. दान घेणाऱ्या मंडळीने खालच्या ओळीत बसणाऱ्याचं काय केलं, हा प्रश्न दहा टक्क्यांच्या हिशेबाइतकाच जुना आहे.

परक्या पैशावर किती दिवस जगायचं, हा प्रश्न पुढे सगळीकडे आला. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचा रूफस अँडरसन १८५४–५५ मध्ये भारतात आला तेव्हा नगरच्या मंडळ्यांनीही देशी पाळकाचा भार स्वतः उचलावा, असा त्याचा आग्रह होता. १९१७ मध्ये रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला. तिरुनेलवेलीकडचे व्ही. एस. अझरायाह, पुढे १९१२ मध्ये भारताचे पहिले देशी अँग्लिकन बिशप, यांनी १९०३ मध्ये भारतीय पैशावर चालणारी मिशनरी सोसायटी काढली आणि ख्रिस्ती दानावर एक पुस्तकही लिहिलं. गरिबाने द्यावं असं ते म्हणत, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. जो देतो त्याला आपल्या चर्चमध्ये मान वर करून प्रश्न विचारता येतो. तमिळ बायका स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात, त्याला ‘पिडी अरिसी’ म्हणतात. मिझोरममध्ये हीच रीत १९१० पासून आहे.

आजीचाही असा एक पत्र्याचा डबा होता. भाकरीचं पीठ मळण्याआधी एक मूठ त्यात जाई. त्या रविवारी पाळकांच्या वहीत या डब्याची नोंद नव्हती, कारण तो चर्चमध्ये पोचतच नसे. आमच्या वस्तीत बाळंतीण असेल, कुणी आजारी पडलं असेल, तिथे तो रिकामा व्हायचा.

माझी मागणी साधी आहे. मलाखी वाचा, जरूर वाचा, पण अनुवादाचा चौदावा अध्यायही वाचा. वर्षाअखेरीस पाळकाचा पगार, इमारत, ध्वनिवर्धक यांच्या खर्चाबरोबर विधवा, पोरकी मुलं आणि परगावाहून आलेले मजूर यांच्यावर किती गेलं, तो आकडाही मंडळीपुढे मोठ्याने वाचा. थकबाकीदारांची नावं मात्र वाचू नका.

आमच्या घरी दोन वर्षं दशमांश चर्चला जातो. तिसऱ्या वर्षी आम्ही तो ठेवून घेतो आणि जेवणाच्या ताटावर बसून ठरवतो, आपल्या वेशीच्या आत कोण आहे. यंदा तिसरं वर्ष आहे. गल्लीच्या टोकाला ऊसतोडीच्या तीन कुटुंबांनी पाल टाकलंय, त्यांची पाच मुलं शाळेत जात नाहीत. आम्ही तिथून सुरुवात करतोय.