पोटकलम दोनचा प्रवास

मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून इंधनाचे टँकर निघाले नाहीत, तर उत्तर महाराष्ट्रातल्या आणि मराठवाड्यातल्या पंपांना एका दिवसात धाप लागते. २०२४च्या नववर्षाच्या पहिल्या दोन दिवसांत तेच झालं. चालकांनी चाव्या काढून घेतल्या आणि पंपांवर रांगा लागल्या. संपादकांनी मला पाठवलं ते या रांगांवर लिहायला. लोक काय बोलतात, किती वेळ उभे आहेत, एवढंच हवं होतं.

मनमाडच्या रस्त्यावर ढाब्याच्या पडवीत बसलेला एक टँकरचालक मात्र रांगेबद्दल बोलायलाच तयार नव्हता. त्याला कायद्याबद्दल बोलायचं होतं. “अपघात झाल्यावर थांबलो तर लोक जिवंत सोडत नाहीत, निघालो तर दहा वर्षं. मग दादा, पाय ठेवायचा कुठं? ब्रेकवर की ॲक्सिलेटरवर?” मोबाइलवर आलेल्या निरोपात सात लाख रुपये दंडाचंही लिहिलं होतं, ते त्याने मला दाखवलं. मी घरी येऊन राजपत्र उघडलं. दंडाची रक्कम कुठेच नव्हती. दहा वर्षं मात्र होती. भारतीय न्याय संहिता, कलम १०६, पोटकलम २: बेदरकारपणे आणि निष्काळजीपणे वाहन चालवून कोणाच्या मृत्यूला कारण झालेला आणि पोलिसांना किंवा दंडाधिकाऱ्यांना लगेच न कळवता पळून गेलेला माणूस दहा वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र.

रांगांची बातमी देऊन झाली, पण एक प्रश्न डोक्यातून जाईना. हे वाक्य कायदा होण्याआधी कोणी नीट वाचलं होतं का?

वाचलं होतं. आणि वाचणाऱ्यांना ते खटकलंही होतं. त्या वाचणाऱ्या संस्थेची ही गोष्ट आहे.

संसदेचं कामकाज म्हणून आपण दूरचित्रवाणीवर जे पाहतो ते सभागृह. पण विधेयक खरं वाचलं जातं ते कॅमेरा नसलेल्या खोल्यांत. ८ एप्रिल १९९३ला संसदेत विभागवार स्थायी समित्या सुरू झाल्या. तेव्हा त्या १७ होत्या, २००४पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य असतात, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्र्याला सदस्य होता येत नाही. पोलीस, तुरुंग, फौजदारी कायदे हा सगळा पसारा गृहविषयक समितीकडे येतो आणि तिचं सचिवालय राज्यसभेकडे असतं. बैठका बंद दाराआड चालतात आणि तिथे पक्षादेश लागू होत नाही. आधी मला हे बंद दार खुपलं होतं. पण ज्याला टाळ्या मिळणार नाहीत आणि ज्याची चित्रफीत फिरणार नाही, अशा खासदाराला आपल्याच सरकारच्या मसुद्यात चूक दाखवणं सोपं जातं, हे अहवाल वाचताना पटत गेलं.

फौजदारी कायद्याचा असा कीस काढण्याची परंपरा आपल्याकडे या समित्यांपेक्षा फार जुनी आहे आणि तिच्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. १८९५मध्ये कलकत्त्याच्या केंद्रीय विधिमंडळात १८६१च्या पोलीस कायद्यातली दुरुस्ती आली. अशांत भागात जादा पोलीस बसवायचे आणि त्यांचा खर्च तिथल्या रहिवाशांकडून वसूल करायचा, या तरतुदीशी तिचा संबंध होता. मुंबईचे फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि खटला न चालवता माणसांना शिक्षा करण्याचा अधिकार अंमलदारांच्या हाती देण्याला त्यांनी कडाडून विरोध केला. सरकारचे अर्थसदस्य वेस्टलँड यांना तो सूर इतका झोंबला, की विधिमंडळात हे काही नवंच वारं शिरलं आहे अशी तक्रार त्यांनी केली. मतं मेहतांच्या बाजूने पडणं शक्यच नव्हतं. पण पोलिसांच्या हाती काय द्यायचं, हे सरकारने शब्दाशब्दाला समजावून सांगितलं पाहिजे, हा आग्रह तिथे नोंदवला गेला.

आता २०२३. ११ ऑगस्टला केंद्रीय गृहमंत्र्यांनी लोकसभेत तीन विधेयकं मांडली. १८६०ची भारतीय दंड संहिता, १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२चा पुरावा कायदा, तिन्ही एकदम बदलायचे होते. दंड संहितेची ५११ कलमं होती, नव्या न्याय संहितेच्या विधेयकात ३५६ खंड (विधेयकातल्या कलमाला खंड म्हणतात). मेकॉलेच्या मंडळींनी जुन्या संहितेचा मसुदा १८३७मध्ये दिला होता आणि तो कायदा व्हायला १८६० उजाडलं. इथे गृहविषयक समितीला तीन विधेयकांसाठी तीन महिने मिळाले. अध्यक्ष होते ब्रिजलाल, उत्तर प्रदेशाचे माजी पोलीस महासंचालक. गृहसचिवांनी येऊन मसुदा समजावला, कायदेतज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, लेखी निवेदनं आली. समिती शाखेतले अधिकारी ती निवेदनं खंडांप्रमाणे लावतात, मंत्रालयाला प्रश्न पाठवतात, उत्तरं जोडतात आणि अहवालाचा मसुदा बांधतात. त्यांची नावं बाहेर कोणाला कळत नाहीत. पण अहवाल वाचताना त्यांचा हात जाणवत राहतो: आधी खंडाचा मजकूर, मग लोकांनी काय सुचवलं, मग मंत्रालयाचं म्हणणं, आणि शेवटी समितीचं मत. घरात धान्य निवडायला बसलेली बाई सूप पुढे-मागे हलवत एकेक खडा बोटाने बाजूला काढते, त्या गतीचं हे काम आहे.

त्यातला एक खडा म्हणजे खंड १०४.

जुन्या दंड संहितेत निष्काळजीपणामुळे होणाऱ्या मृत्यूचं कलम, ३०४-अ, १८७०मध्ये घातलं गेलं आणि त्याला दोन वर्षांपर्यंतची कैद होती. नव्या मसुद्याने ती सात वर्षांवर नेली आणि खाली एक नवं पोटकलम जोडलं. कोणत्याही बेदरकार किंवा निष्काळजी कृत्याने मृत्यूला कारण झालेला माणूस जागेवरून पळून गेला, *किंवा* त्याने पोलिसांना अथवा दंडाधिकाऱ्यांना लगेच कळवलं नाही, तर दहा वर्षं.

या “किंवा”वर मी बराच वेळ अडकलो होतो. या एका शब्दामुळे दोन वेगळे गुन्हे एका वाक्यात बसत होते. जमावाच्या भीतीने गाडी पुढे नेऊन थेट पोलीस ठाण्यात हजर होणारा चालक “पळून गेला” यात सापडला असता. जखमीला उचलून दवाखान्यात नेणारा आणि त्या धावपळीत फोन करायचा राहून गेलेला माणूस “कळवलं नाही” यात सापडला असता. शिवाय वाक्यात वाहनाचा उल्लेखच नव्हता. बांधकामावरचा मुकादम, विजेच्या तारांवर काम करणारा, शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर, सगळेच त्या वाक्याच्या कक्षेत येत होते.

समितीने हा खंड सोडला नाही. पहिल्या भागातली सात वर्षांची शिक्षा पाचवर आणावी, असं तिने सुचवलं. पोटकलम दोनबद्दल तिची हरकत आणखी खोल होती. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणालाही भाग पाडता येणार नाही, असं संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो. “माझ्या हातून माणूस मेला” हे आरोपीने स्वतः जाऊन पोलिसांना सांगावं, नाहीतर दहा वर्षं, ही सक्ती त्या हमीशी टक्कर घेऊ शकते. म्हणून हे पोटकलम ठेवायचं का, याचा आणखी विचार व्हावा आणि ठेवलंच तर ते मोटारवाहनांच्या अपघातांपुरतं असावं, असं समितीचं मत पडलं. बहुमत सत्ताधारी बाकांवरच्या खासदारांचं असलेल्या, एका निवृत्त पोलीस महासंचालकाच्या अध्यक्षतेखालच्या समितीने सरकारच्या मसुद्याबद्दल हे लिहिलं. हे वाचल्यापासून मला या संस्थेबद्दल आदर वाटतो, आणि आज तिची चिंता वाटते तीही त्याच आदरापोटी.

नोव्हेंबरमध्ये अहवाल सादर झाले. समिती एकमुखी होती असं नाही. पी. चिदंबरम, डेरेक ओब्रायन, दयानिधी मारन यांच्यासह विरोधी सदस्यांनी आपली मतभेदाची टिपणं जोडली. घाई झाली आणि पुरेशा तज्ज्ञांना ऐकलं गेलं नाही, ही तक्रार त्यांत होती. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारने जुनी विधेयकं मागे घेऊन सुधारलेली मांडली. खंड १०४ आता १०६ झाला होता. सात वर्षांची पाच झाली होती, वाहनाचा उल्लेख आला होता आणि “किंवा कळवलं नाही”ऐवजी “न कळवता पळून गेला” असा मजकूर होता. म्हणजे जो कळवतो तो या पोटकलमातून सुटतो. बंद खोलीत चाललेल्या निवडण्याचं हे फळ होतं. डॉक्टरांसाठी शिक्षा दोन वर्षांवर ठेवणारी दुरुस्तीही सभागृहात आली.

राहिला होता तो समितीचा मूळ प्रश्न: हे पोटकलम ठेवायचंच का? तो विचारण्याची जागा आता सभागृह होती. १३ डिसेंबरला लोकसभेत प्रेक्षक सज्जातून दोघांनी उड्या टाकल्या. त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं, अशी मागणी करणारे विरोधी खासदार एकामागून एक निलंबित होत गेले. त्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांतले मिळून १४६ खासदार निलंबित झाले. २० डिसेंबरला लोकसभेने आणि २१ला राज्यसभेने तिन्ही विधेयकं आवाजी मतदानाने संमत केली. ज्यांनी समितीत बसून टिपणं लिहिली होती, त्यांच्यातल्या कित्येकांना आपलं टिपण सभागृहात वाचायची संधी उरली नव्हती. २५ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि सातव्या दिवशी पानेवाडीला टँकर थांबले.

२ जानेवारीच्या संध्याकाळी गृहसचिव आणि मोटार वाहतूकदारांची अखिल भारतीय संघटना समोरासमोर बसले. हे पोटकलम लागू करण्याआधी तुमच्याशी चर्चा करू, असं आश्वासन मिळालं. फेब्रुवारीत अधिसूचना निघाली: नवे कायदे १ जुलै २०२४पासून लागू, न्याय संहितेच्या कलम १०६चं पोटकलम २ वगळून. समितीने नोव्हेंबरात विचारलेला प्रश्न रस्त्याने जानेवारीत विचारला. पहिल्यासाठी कागद लागला होता. दुसऱ्यासाठी रुग्णवाहिका आणि भाजीच्या गाड्या खोळंबल्या.

या संस्थेची चिंता वाटण्याचं एक कारण आकड्यात आहे. संसदेच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या नोंदीनुसार पंधराव्या लोकसभेच्या काळात ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत १६ टक्के. विधेयक समितीकडे पाठवायचंच, असा नियम नाही. समितीचं मत सल्ल्याइतकंच असतं, बंधनकारक नाही. आणि सल्ला नाकारला तर का नाकारला, हे खंडवार सांगण्याची सक्ती सरकारवर नाही.

त्या न सांगण्यातून कायद्यात भोकं राहतात. जुन्या कलम ३७७चंच घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये प्रौढांच्या संमतीने होणारे समलिंगी संबंध त्यातून बाहेर काढले, पण संमतीविना झालेल्या अत्याचारासाठी ते कलम शिल्लक होतं. पुरुषांवर आणि तृतीयपंथीयांवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची तक्रार त्याच कलमाखाली नोंदवता येत होती. न्याय संहितेत ते आलंच नाही. समितीने ही उणीव ओळखून तेवढा भाग परत घालावा असं लेखी सुचवलं. घातला गेला नाही. आज असा अत्याचार सोसलेला प्रौढ पुरुष पोलीस ठाण्यात गेला तर बलात्काराचं कलम त्याच्यासाठी नाही, कारण ते स्त्रीवर पुरुषाने केलेल्या अत्याचारापुरतं आहे. ठाणे अंमलदार मारहाणीची कलमं शोधत बसतो. खडा दिसला होता, बोटाने दाखवलाही होता, तरी तो भाकरीत गेला.

आपल्या राज्यात तर विधेयकं वाचायला अशी कायमची समिती बसलेली नसते. सभागृहाने ठरवलं तर संयुक्त समिती नेमली जाते. विशेष जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी ती नेमली, चंद्रशेखर बावनकुळे यांच्या अध्यक्षतेखाली, आणि लोकांकडून १२ हजारांवर सूचना आल्या. त्या विधेयकाला माझा विरोध आहे. तरीही समितीतून बाहेर येताना त्यातली काही धार बोथट झाली, हे मान्य केलं पाहिजे. “व्यक्ती आणि संघटना” अशा मोघम शब्दांवर असलेला रोख संघटनांकडे वळवला गेला आणि तपास उपनिरीक्षकाकडून काढून उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे दिला गेला. जुलै २०२५मध्ये ते दोन्ही सभागृहांत संमत झालं. १२ हजार माणसांनी वेळ काढून लिहिलं, त्यातल्या कोणत्या सूचनेचं काय झालं हे त्यांना कळायला हवं होतं.

आणि पोटकलम दोन? मी त्या चालकाला पुन्हा फोन केला तेव्हा तो म्हणाला, “लागू नाही झालं ना, मग मिटलं.” त्याच्यापुरतं मिटलं असेल. पण २०२२ या एका वर्षात ठोकर मारून पळून गेलेल्या वाहनांमुळे देशात ३०,४८६ माणसं मेली, असं रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद सांगते. पहाटे फिरायला गेलेली, सायकलवरून पाळीला निघालेली, वारीत चालणारी माणसं. त्यांच्या घरच्यांनी कुठे गाड्या अडवल्या नाहीत, त्यांची संघटना नाही, त्यांच्याशी कोणी संध्याकाळी चर्चेला बसलं नाही. आज कलम १०६चा पहिला भाग तेवढा लागू आहे. मोटारवाहन कायद्यातली किरकोळ शिक्षा सोडली, तर जखमीला उचलून दवाखान्यात नेणारा आणि त्याला रस्त्यावर टाकून पळणारा, दोघांनाही तेच कलम आणि तीच पाच वर्षं. पळून जाणाऱ्याला जास्त शिक्षा हवी, पण घाबरून ठाण्याकडे धावणाऱ्याला नको, हे सांगणारं एक नेमकं वाक्य तयार करायला समितीला आणखी काही आठवडे लागले असते.