अंगणातली केळ : बुटकी हवी, पण कोणती?

घरामागे चार हात जागा असली की तिथे एखादी केळ असावी, असे पुष्कळ घरांतून वाटते. पोरांना घरचे फळ मिळेल, मोरीचे पाणी वाया जाणार नाही, असा साधा हिशेब त्यामागे असतो. हिशेब चुकीचा नाही. फक्त कोकणातल्या घराला तो जितका सरळ लागू पडतो तितका सोलापूरला पडत नाही. आपल्याकडे पाऊस बेताचा, एप्रिल-मेचे ऊन चाळीस अंशांच्या वर, आणि नळाला चार-चार दिवसांआड पाणी, अशी कित्येक वर्षे सोलापूरकरांनी काढली आहेत. म्हणून रोप आणण्यापूर्वी वाण कोणता, याचा विचार करावा. चुकीचे रोप लावले तर वर्षभराचे पाणी आणि मेहनत फुकट जाते.

रोपवाटिकेत 'बुटकी केळ द्या' म्हटले की हातात बहुधा ग्रँड नैनचे रोप पडते. शेतकरी त्यालाच जी-नाईन म्हणतात. नाव फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थच मुळी 'मोठी बुटकी'! उंच वाणांच्या शेजारी ती ठेंगणी दिसते खरी, पण तिचे नुसते खोड सात-आठ फुटांचे होते आणि पाने त्याच्याही वर तीन-चार फूट जातात. म्हणजे पत्र्याच्या घरावरून ती सहज डोकावणार.

खरी ठेंगणी ती बसराई. तिला वामनकेळी असेही नाव आहे. खोड पाच ते सहा फूट. जळगावच्या बागा कित्येक दशके हिच्यावरच उभ्या होत्या. चीनकडची हीच केळ मॉरिशसमार्गे इंग्लंडला गेली आणि १८३० च्या दशकात डेव्हनशायरच्या ड्यूकच्या काचघरात जोसेफ पॅक्स्टन या माळ्याने ती फळाला आणली. ड्यूकच्या घराण्याचे नाव कॅव्हेंडिश, त्यावरून या साऱ्या कुळाला जगभर कॅव्हेंडिश म्हणू लागले. ग्रँड नैनही त्याच कुळातली, त्यामुळे दोघींच्या चवीत फार फरक नाही. काचघराच्या छपराखाली जी मावली ती आपल्या भिंतीच्या आडोशालाही मावेल. बसराईतूनच निवडलेली श्रीमंती आणि नांदेडकडची अर्धापुरी हे आणखी दोन वाण ऐकू येतात. ओळखीच्या शेतकऱ्याकडे मिळाले तर तेही चालतील.

वेलचीबद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. फळ बोटाएवढे, म्हणून झाडही लहान असेल असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात वेलचीचे झाड बसराईच्या दुपटीने वाढू शकते. लहान असते ते फळ, झाड नव्हे.

उंचीला एवढे महत्त्व का, तर केळीच्या खोडात लाकूड नसते. पानांची देठे एकावर एक गुंडाळून झालेला तो सोट आहे. पाली सुत्तांमध्ये गाभा नसलेल्या वस्तूला केळीच्या खोडाची उपमा दिली आहे, ती याच कारणाने. अशा पोकळ सोटावर पंधरा-वीस किलोंचा घड लोंबत असताना मे महिन्यातल्या वळवाचा वारा सुटला, तर उंच केळ आडवी होते. दाट वस्तीत ती आपल्या अंगणात पडेल याची खात्री नाही. शेजाऱ्याच्या पत्र्यावर पडली तर केळी राहतात बाजूला आणि भांडण पदरात येते. बसराई वाऱ्याला अधिक टिकते. तरीही घड पडला की दोन बांबूंची कैची करून आधार द्यावाच.

मग आपल्याच जिल्ह्यात करमाळ्याकडे, कंदरच्या परिसरात ग्रँड नैनच्या एवढ्या बागा कशा? परदेशी माल जातो तो ग्रँड नैनचाच, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. पण त्या बागांना उजनीचे पाणी आहे, ठिबक आहे, खताचे वेळापत्रक आहे. ऊतिसंवर्धित रोपे निरोगी असतात, एकसारखी वाढतात आणि अकरा-बारा महिन्यांत घड तयार होतो. बसराईला त्याहून जास्त दिवस लागतात. ज्यांच्या घराला पक्क्या भिंतीचा आडोसा आहे आणि पाण्याची तोशीस नाही, त्यांनी खुशाल ग्रँड नैन लावावी. बाकीच्यांनी बसराईच शोधावी. आता तिचे कंद पूर्वीसारखे सहज मिळत नाहीत, तेवढी खटपट करावी लागेल.

आता पाण्याचे. भर उन्हाळ्यात वाढलेल्या केळीला रोज सुमारे वीस लिटर पाणी लागते. म्हणजे एक मोठी बादली, एकाही दिवसाचा खंड न पडता. घरात अंघोळीचे तेवढे पाणी निघते का, हे आधी मोजून पाहावे. ज्या घरी मे महिन्यात टँकरपुढे हंडे लावावे लागतात, तिथे केळ लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घरातल्या बाईने डोक्यावरून आणलेले पाणी केळीला घालायचे, ही कसली बागायत? तिथे शेवगा लावावा. शेंगाही मिळतात, पालाही मिळतो, आणि पाण्यावाचून तो रुसत नाही.

अंघोळीचे पाणी चालते, पण कपड्यांच्या सोड्याचे आणि पावडरीचे पाणी केळीला देऊ नये. आपली काळी जमीन आधीच चुनखडीची. त्यात खार वाढला की पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. पाणी साचूनही चालत नाही. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्यावा, त्यात घमेलेभर कुजलेले शेणखत मातीत मिसळावे आणि जूनच्या पावसानंतर लावण करावी. भिंतीपासून चार फूट तरी अंतर असू द्यावे. चुलीची राख थोडी थोडी दिली तर पालाश मिळते, पण आपल्या जमिनीत राखेचा मारा नको. गच्चीवर कुंडीत केळ लावण्याचे खूळ सोलापूरच्या उन्हात न केलेले बरे. मुळे भाजून निघतात.

कंद निवडताना तलवारीसारखी निमुळती पाने असलेला मुनवा घ्यावा. रुंद पानांचा दिसायला छान, पण कमजोर असतो. आईच्या झाडाची पाने शेंड्याला आखूड होऊन गुच्छासारखी झाली असतील, तर तो मुनवा फुकट मिळाला तरी नको. तो पर्णगुच्छ रोग आहे, मावा किडीने पसरतो आणि त्याला औषध नाही. झाड कंदासकट उपटावे लागते. मावा आणखी एक विषाणू काकडीच्या वेलांवरून केळीवर आणतो. म्हणून केळीच्या बुडाशी काकडी, दोडका, भोपळा लावू नये. जागा थोडी असली की हा मोह हटकून होतो. पानावर शंका आली तर ते जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे.

बुडाशी मुनवे फुटत राहतात. एकच राखावा, बाकीचे वेळच्या वेळी कापावेत, नाहीतर घड बारीक राहतो.

केळ्यांच्या कडा भरून ती गोलसर झाली की घड उतरवावा आणि सावलीत टांगून एकेक फणी पोत्यात गुंडाळून पिकवावी. सगळा घड एकदम पिकला तर शंभरावर केळी चार दिवसांत संपवायची कशी, हा प्रश्न पडतो. बाजारात काही ठिकाणी फळे कार्बाइडने पिकवतात, त्याला कायद्याने बंदी आहे; घरच्या फणीला त्याची गरजच नाही. घड काढल्यावर खोड लगेच बुडातून तोडू नये. अर्धे उभे ठेवावे. त्यातला ओलावा राखलेल्या मुनव्याला महिना-दोन महिने मिळत राहतो.